बाण म्हणाला 190 मीटर

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा, म्हणजेच कॅश, जीपीएसच्या आकड्यांवरून शोधायची आणि आतल्या वहीत, लॉगबुकमध्ये, सही करायची असा खेळ. त्यातल्या दिवसभरात सहा कॅश केल्या. त्यातल्या पाच सोप्या होत्या. गेलो, सापडल्या, सही केली, पुढे निघालो. त्या जंगलात जाणार असाल तर त्या पाची खुशाल करा, त्यांच्याबद्दल माझं एवढंच म्हणणं आहे. हे सगळं लिहायला बसले ते सहाव्या कॅशमुळे. दोन टप्प्यांच्या त्या मल्टीने, म्हणजे पहिल्या टप्प्यावर पुढच्या जागेचे आकडे मिळतात अशा कॅशने, आमचे साडेतीन तास खाल्ले आणि अजून माझ्या पोटऱ्या बोलतायत.

आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा आतेभाऊ. जंगलात चालायची दोघांनाही सवय आहे. बूट चांगले, नकाशा फोनमध्ये उतरवून घेतलेला, पॉवरबँक भरलेली. नवशिक्यांची फजिती म्हणून हे वाचू नका. आमच्यासारखी सवय असलेली माणसंच यात जास्त फसतील, कारण फोनवरचा बाण दाखवेल तिकडे निघायचा त्यांच्या पायांना आत्मविश्वास असतो.

कॅशच्या वेबपानावर अवघडपणा 2.5 आणि भूभाग 2 असं दिलेलं. या खेळात भूभाग 1 म्हणजे चाकाची खुर्चीही जाऊ शकेल अशी वाट आणि 5 म्हणजे दोर, होडी असलं काहीतरी खास सामान लागणार. म्हणजे 2 ही जवळपास शतपावलीच. पहिला टप्पा एका झाडाच्या पाठीमागे, खिळा न ठोकता तारेने बांधलेला होता. छोटीशी लॅमिनेट केलेली पट्टी, तिच्यावर काळ्या मार्करने हाताने लिहिलेले आकडे. डबा जिथे आहे तिथले अक्षांश-रेखांश. मी वाचले, त्याने फोनमध्ये घातले. उत्तरेची मिनिटं (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट) 23.478. बाण फिरला आणि स्थिरावला : 190 मीटर, सरळ समोर.

एकशे नव्वद मीटर म्हणजे किती? रस्त्यावर तीन मिनिटं.

शंभरेक मीटरवर जमीन संपली. समोर घळ. नकाशावर तिथे एक बारीक निळी रेघ होती, ती मी पाहिलीही होती, पण रेघेला खोली नसते. उतारावर गुडघाभर ओला पाचोळा आणि त्याच्याखाली कुजक्या फांद्या, म्हणजे पाय टाकला की आधी मऊ लागतं, मग कडकन काहीतरी मोडतं आणि तुम्ही बसता. मी तीनदा बसले. तो म्हणाला, "ताई, वळसा घालू या का?" मी म्हटलं, "अरे, सत्तर-ऐंशी मीटर राहिलेत, आता कुठे वळसा!" या वाक्याची किंमत पुढे दोघांनी भरली.

खाली ओढ्यात दगडांवर शेवाळ. तिथे उभं राहून फोन पाहिला तर अंतर 70 वरून 110 वर गेलेलं, आणि आम्ही जागचे हललोही नव्हतो. घळीच्या तळाशी असंच होतं. वर आभाळाची एक पट्टी तेवढी दिसते, उपग्रह कमी मिळतात, जे मिळतात त्यांचे संदेश कड्यावर आणि ओल्या पानांवर आपटून उशिराने पोचतात, आणि फोन बिचारा तो उशीर अंतर समजून मोजतो. म्हणून घळीत उतरल्यावर बाणाकडे बघायचंच नाही. वर असतानाच समोरच्या काठावरचं एखादं ओळखू येईल असं झाड हेरून ठेवायचं आणि त्याच्यावर नजर ठेवून जायचं. आम्ही हेरलं नव्हतं. बाणाच्या मागे ओढ्यातच वीस मिनिटं फिरलो.

पलीकडचा चढ काटेरी झुडपांचा. त्याचं वर्णन करत नाही, हातांवर अजून आहे. वर पोचलो तेव्हा 190 मीटरला 50 मिनिटं लागली होती.

आणि मग शोध. उघड्या आभाळाखाली फोनची चूक साधारण 5 मीटर धरतात. झाडीत ती वाढते, आणि ज्याने डबा लपवला त्याच्या यंत्रानेही त्या दिवशी आपली चूक केलेलीच असते. दहा मीटर त्रिज्येचं वर्तुळ धरलंत तर 314 चौरस मीटर जागा होते, आणि ती सगळी पाचोळ्याने झाकलेली. म्हणून बाण गरगरायला लागला की फोन खिशात. आपण लपवला असता तर कुठे लपवला असता, एवढंच डोक्यात ठेवायचं. हिंट होती : "पडलेलं खोड, उत्तरेकडचं टोक". तिथे पडलेली खोडं तीन. तिन्हींची सगळी टोकं पाहिली, पोकळ्यांत काठी घातली, टॉर्च मारला. एके ठिकाणी काटक्या एकाच दिशेने रचल्यासारख्या दिसल्या. निसर्ग काटक्या अशा ओळीने लावत नाही, हे कुठलाही कॅशर सांगेल. आनंदाने उपसल्या. खाली आणखी काटक्या.

चाळीस मिनिटांनी मला एक गोष्ट खटकली, आणि ती मला आधी खटकायला हवी होती. या डब्याच्या पानावर नोंदींची चांगली मोठी यादी होती. इतकी माणसं जिथे येऊन गेली तिथे पाचोळा दबलेला असतो, झाडाभोवतीचं गवत झोपलेलं असतं, कुठून तरी एक पुसट वाट आत आलेली असते. इथे आमच्या पावलांशिवाय काही नव्हतं. आणि ती घळ! जिथून आम्ही आलो तो भूभाग 2 कुठल्या हिशेबाने? तोवर मी लपवणाऱ्याला मनातल्या मनात बरंच काही ऐकवून झालं होतं.

परत जाताना मात्र वळसा घातला. ओढ्याच्या वरच्या अंगाला घळ उथळ होत जाते, तिथे एका उडीत पलीकडे जाता येतं. अंतर तिप्पट, वेळ निम्मा. नकाशावर समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दिसत असतील तर त्या एकमेकींना चिकटल्यात का ते आधी पाहा, आणि चिकटल्या असतील तर त्या विरळ होतात तिथपर्यंत चालत जा. वाटेत भावाच्या कॉलरवर गोचीड सापडली, अजून चावली नव्हती. पँट मोज्यात खोचा आणि दर तासाला एकमेकांची मान पाहा. यात लाजण्यासारखं काही नाही.

पट्टीपाशी पुन्हा आलो. आता ती माझ्या हातात न देता त्यानेच धरली आणि टॉर्च तिरका मारला. रेखांशात एक 7 होता, त्याच्या पोटातून आडवी रेघ गेलेली. अक्षांशातल्या ज्याला मी सात म्हटलं होतं, त्याला रेघ नव्हती. तो 1 होता. डोक्यावर चांगली लांबलचक टोपी असलेला 1.

म्हणजे 23.418.

मिनिटाचा हजारावा भाग अक्षांशात 1.85 मीटर होतो. दुसऱ्या दशांशस्थानी एकाचे सात झाले की 0.06 मिनिटं, म्हणजे 111 मीटर. 2 मे 2000 पर्यंत अमेरिकेचं सरकार सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, ती 100 मीटरपर्यंत जायची. त्या दिवशी ती बंद केली, दुसऱ्याच दिवशी ओरेगनमध्ये कुणीतरी जंगलात बादली ठेवून तिचे आकडे जाहीर केले आणि हा खेळ सुरू झाला. आम्ही ती चूक एका टोपीच्या जोरावर, वर 11 मीटर व्याजासकट, परत आणली होती.

नवा बाण : 80 मीटर. त्याच वाटेवर, घळीच्या अलीकडे. चालत गेलो आणि दोघंही एकदम थांबलो. ते खोड ओळखीचं होतं. मघाशी त्याच्यावर बसून मी बुटाची नाडी आवळली होती, घळीत उतरायच्या आधी. उत्तरेकडच्या टोकाला सालीचा एक तुकडा जरा जास्तच नीट बसलेला. तो उचलला, आत पोकळी, पोकळीत हिरवी-तपकिरी टेप गुंडाळलेला चार कड्यांचा प्लास्टिकचा डबा. आजूबाजूचा पाचोळा छान दबलेला. आणि इथवरचा भूभाग? दोन. अगदी प्रामाणिक दोन.

तर जे जाणार आहेत त्यांना माझं म्हणणं असं. पट्टीचा फोटो काढा, तिरक्या उजेडात काढा, आणि दोघांनी वेगवेगळं वाचून मग जुळवा. आकडे घातल्यावर चालायला लागू नका, आधी नकाशावर तो बिंदू कुठे पडला ते पाहा. पानावर भूभाग 2 आहे आणि तुमच्यासमोर घळ आहे, तर घळ खरी आहे आणि तुम्ही वाचलेला आकडा खोटा. लॉगबुक दमट आहे, आमचं पेन दोन अक्षरं लिहून मेलं. पेन्सिल न्या. झाकणाच्या एका कोपऱ्याची कडी सैल आहे, ती दाबून आवाज आला की मगच ठेवा, नाहीतर पुढच्या पावसात सगळ्यांच्या सह्यांचा लगदा होईल. कॅश करावी का? करावी. लपवलीय सुंदर. पण दिवसाची पहिली म्हणून करा, शेवटची म्हणून करू नका. आम्ही बाहेर पडलो तेव्हा टॉर्च लावूनच चालत होतो.

रात्री नोंद टाकली आणि लपवणाऱ्याला वेगळा निरोपही पाठवला, जरा तिखटच, की एक लिहिताना साधी उभी रेघ काढत चला. उत्तर दहा मिनिटांत आलं, एका ओळीचं : "पानाच्या तळाशी पडताळणी दिली आहे."

उघडून पाहिलं. "अक्षांशाच्या मिनिटांतल्या अंकांची बेरीज 18." दोन, तीन, चार, एक, आठ. भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, ती ओळ तू गाडीत मोठ्याने वाचली होतीस."