तुम्ही विचारलंत म्हणून: बांधावरच्या माणसाला शाल कशासाठी?

"तुम्ही समितीत असलात की एक नाव मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, सांभाळणाऱ्याचं नाहीतर बांधावरच्या माणसाचं असतंच. धरणं बांधणाऱ्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला जातो की आता लिहूनच टाकतो. आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या मंडळात शेती आणि पाणी या क्षेत्रातल्या माणसांचा सत्कार होतो. नावं सुचवणाऱ्यांत मी असतो, आणि माझी सगळी नोकरीही पाटबंधाऱ्यांच्या कामातच गेली. म्हणजे धरणवाल्यांशी माझं वैर असण्याचं कारण नाही. त्यांच्यातलाच मी.

इंजिनियरांचा मान व्हायला हवा, आणि तो होतोही. विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, आपण अभियंता दिन म्हणून पाळतो. माधवराव चितळ्यांना १९९३ साली स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला तेव्हा आम्हा पाण्याच्या खात्यांतल्या मराठी माणसांना घरचंच कार्य असल्यासारखं वाटलं होतं. माझी तक्रार वेगळी आहे. गावोगावच्या सत्कारांच्या याद्या काढून बघा. शेतात पाणी आणणारा माणूस त्यात सापडतो, पाणी काढून देणारा सापडत नाही. कालव्याला पाणी सोडलं की नारळ फुटतो, फोटो येतो. निचरा नीट झाला तर काहीच होत नाही. भात कुजत नाही, जमीन खारवत नाही, बातमीही येत नाही. न घडलेल्या गोष्टीचं मानपत्र कोण लिहिणार?

आणि हे गोव्यात व्हावं? जिथे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत, तिथे? आमच्या वाडवडलांनी केलेलं पाण्याचं सर्वांत मोठं काम धरण नव्हतंच. ते म्हणजे खाजन. मांडवी-जुवारीच्या खाड्यांकाठची, भरतीला पाण्याखाली जाणारी जमीन बांध घालून त्यांनी भातासाठी मिळवली. सुमारे अठरा हजार हेक्टर खाजन जमीन गोव्यात आहे असं सांगतात. यातली बरीच शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर आहेत, हे बाहेरच्या पाहुण्याला पटवून देताना त्याला बांधावर उभं करून दोन्हीकडे बघायला लावावं लागतं.

या सगळ्याची चावी म्हणजे मानस. बांधातलं दार म्हणा. चिऱ्यांच्या खांबांत बसवलेल्या लाकडी झडपा. भरती चढू लागली की नदीचं पाणीच त्या झडपांना बाहेरून रेटून बंद करतं. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली, बाहेरची पातळी उतरली, की आतलं पाणी त्यांना ढकलतं आणि पोंयीत, म्हणजे मानशीच्या आतल्या तळ्यात, साठलेलं पाणी नदीत जातं. मोटर नाही, वीज नाही. पावसाळ्याच्या तोंडाला हेच दार जमीन धुऊन देतं. पहिल्या पावसाचं गोडं पाणी शेतात साठू द्यायचं, त्यात जमिनीतलं मीठ उतरलं की सुकतीला सोडून द्यायचं, पुन्हा साठवायचं, पुन्हा सोडायचं. मग रुजवलेलं कोरगुट पेरायचं. हे भात खारेपणा सोसणारं खरं, पण सोसण्यालाही मर्यादा असते.

दार आपोआप चालतं म्हणून माणूस लागत नाही असं समजू नका. झडपेत एक ओंडका अडकला तर एका भरतीत खारं पाणी आत. कुर्ल्या बांधाला भोकं पाडतात. बोट जाईल एवढं भोक वेळेवर चिखलाने बुजवलं नाही तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तिथेच भगदाड पडतं. ज्याला ते भोक दिसतं तो माणूस मला हवा असतो. त्याच्या हातात फावडं असतं, पदवी नसते, आणि अर्ज भरायचा तर तो नातवाकडून भरून घेतो.

त्यात पुन्हा माशांचं प्रकरण आहे. मानशीवर जाळं लावायचा हक्क लिलावात जातो. सुकतीच्या पाण्याबरोबर शेवटे, सुंगटां, नशीब असेल तर चोणकुल. ज्याने पैसे मोजले त्याला खारं पाणी आत असलेलं बरं, शेतकऱ्याला ते बाहेर असलेलं बरं. पूर्वी हे भांडण गांवकरी, म्हणजे गावाची सामाईक संस्था, मिटवायची. पोर्तुगीज तिला कोमुनिदाद म्हणत. बांधाची निगाही तिच्याकडेच. कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघटनांवर आली. काही ठिकाणी त्यांनी ती निभावली, काही ठिकाणी संघटना कागदावर राहिली आणि शेताचं तळं झालं. मत्स्यधंदा आणि भात दोन्ही सांभाळून मानस चालवणारा माणूस आजही भेटतो. माझ्या मते तो धरणाच्या अभियंत्याइतकाच जाणकार आहे.

डोंगराकडच्या माणसांचं मला जास्त सांगावं लागत नाही, त्यांचं काम दिसतं. सावईवेरे गावच्या संजय पाटील यांनी डोंगरात भुयार खणून कुळागराला, म्हणजे माड-पोफळीच्या बागेला, पाणी आणलं. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोग ही १९५० पासूनची संस्था पाणीबचतीचे पुरस्कार देते, त्यात शेतकऱ्यांसाठी वेगळा विभाग ठेवला आहे, हे मला फार आवडतं. त्याच आयोगाने २०२० मध्ये आमच्या शेजारच्या मालवण तालुक्यातल्या धामापूर तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान दिला. खाजनाचंही नाव तिथे कधीतरी लागावं.

इंजिनियरांपैकी मी कोणाचं नाव सुचवतो? कालव्याच्या आराखड्यात निचऱ्याचा चर पहिल्या दिवसापासून दाखवणाऱ्याचं. अंदाजपत्रकाला कात्री लावायची वेळ आली की पहिल्यांदा चरच उडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. 'तो नंतर करू' असं म्हणतात. नंतर काय होतं ते बघायला सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात जावं. पाणी मुबलक, पण जायला वाट नाही, म्हणून जमिनी क्षारपड झाल्या. आता तिथे जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून ते पाणी काढावं लागतं. चरासाठी वरिष्ठांशी भांडून तो मंजूर करून घेणारा कनिष्ठ अभियंता बढतीत मागे राहिलेला असेल. शाल त्याला द्या.

शालीवरून आठवलं. मे महिन्यात, सभागृहातले पंखे घरघरत असताना, लोकरीची शाल पांघरून पाऊण तास भाषणं ऐकायला लावणं हा सत्कार की शिक्षा, ते एकदा ठरवा. मी मंडळाला सांगितलं की शालीऐवजी रोख रक्कम द्या, आणि जमलंच तर त्या माणसाच्या मानशीच्या नव्या झडपेचा खर्च उचला. पहिलं मान्य झालं. दुसऱ्यावर चर्चा चालू आहे, म्हणजे काय ते तुम्ही समजलात.

अर्जात आधी 'किती हेक्टर सिंचनाखाली आणले' एवढाच रकाना होता. त्याखाली 'किती हेक्टर खाऱ्या पाण्यापासून राखले आणि किती पावसाळे' असा दुसरा घालून घेतला आहे. कामाला दहा वर्षं झाल्याशिवाय नाव धरायचं नाही, असाही माझा आग्रह असतो. उद्घाटनाच्या दिवशी कोणताही बांध चांगलाच दिसतो.

तुमच्या गावात असं कोणी असेल तर नाव जरूर पाठवा. मात्र समितीला बोलावताना सुकतीची वेळ बघून बोलवा. भरतीला मानस बंद असतं. मग आम्ही चहा पिऊन परत येतो.