तीन फुटांखालचं पाणी

जुन्नरकडच्या एका शेतात दोन पॉलिहाऊस अगदी लागून आहेत, मध्ये जेमतेम ट्रॅक्टर जाईल एवढी वाट. दोन्हींत रंगीत ढोबळी मिरची. एक थोरल्या भावाचं, म्हणजे अण्णांचं, पूर्ण सेंद्रिय. दुसरं धाकट्याचं, ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणाऱ्या व्हेंच्युरीतून एकोणीस-एकोणीस, कॅल्शियम नायट्रेट ही रासायनिक खतं सोडणारं. खतातलं नायट्रेट किती खोल उतरतं ते पाहायला दोन्हींच्या बेडखाली ३०, ६० आणि ९० सेंटिमीटरवर आम्ही नळ्या पुरल्या होत्या. नळीच्या टोकाला सच्छिद्र सिरॅमिकचं बोंड असतं. हातपंपानं हवा ओढून चिमटा लावून ठेवला की रात्रभरात मातीतलं पाणी आत झिरपतं. माती फार कोरडी असली तर सकाळी हात हलवत परत यायचं.

त्या दिवशी लागवडीला तिसरा आठवडा होता आणि पाणी भरपूर मिळालं. सिरिंजनं उपसून नायट्रेटची पट्टी बुडवली. धाकट्याकडची ९० सेंटिमीटरची पट्टी फिकट गुलाबी, लिटरला २५ मिलिग्रॅमच्या रकान्याशी जुळणारी. अण्णांकडची मिनिट भरायच्या आतच गर्द जांभळी झाली. नमुन्यात डिस्टिल्ड वॉटर घालून पुन्हा पाहिलं, तरी आकडा २५०च्या पुढेच.

"मॅडम, बाटल्या बदलल्या असतील. माझ्या बेडात युरियाचा दाणा पडलेला नाही."

बाटल्यांवर मार्करनं नावं अण्णांच्याच मुलानं घातली होती. तो गप्पच उभा राहिला.

खरं तर मला फारसा धक्का बसला नव्हता. इस्रायलच्या किनारपट्टीवर बेन-गुरियन विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय आणि रासायनिक खतं वापरणाऱ्या हरितगृहांखालचं पाणी असंच तपासलं होतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातही सेंद्रियखालीच नायट्रेट कितीतरी जास्त निघालं. कारण सरळ आहे. अण्णा सगळं शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड लागवडीआधीच बेडात मिसळतात. आत ऊब आणि ओल, त्यामुळे जिवाणू झपाट्यानं कामाला लागतात आणि नत्राचं नायट्रेट होतं. रोपं तेव्हा वीतभर, त्यांना लागतं ते कितीसं! चिकणमाती अमोनियम धरून ठेवते, नायट्रेटला मात्र थारा देत नाही. रोपं जगावीत म्हणून सोडलेल्या पाण्याबरोबर ते खाली जातं. धाकटा रोपाच्या वाढीप्रमाणे थोडं थोडं देतो, म्हणून त्याचं कमी निसटतं. खताचा डोस वाढवून रोज तासभर ड्रिप चालवली तर त्याचीही पट्टी जांभळी होईल, हे मी दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. भावाभावांत भांडण लावायला मी गेले नव्हते.

अण्णांनी स्वतःच उताराकडच्या सामाईक विहिरीचं पाणी तांब्यात आणलं. पट्टी ५०च्या आसपास गेली. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. विहिरीजवळ गोठा आहे, वरच्या अंगाला उसाचं रानही आहे, त्यामुळे बोट एकाकडे दाखवणं चुकीचं ठरलं असतं. प्यायला दुसरं पाणी आणा, बाटली लॅबला पाठवते, एवढंच म्हटलं.

"मग खत थोडं थोडं द्यायचं म्हणता," अण्णा म्हणाले, "पण शेणखत काय व्हेंच्युरीतून जातंय होय?"

प्रश्न रास्त होता. मल्चिंग पेपर अंथरल्यावर बेडात खत घालणं जिकिरीचं, आणि न गाळलेलं जीवामृत ड्रिपर तुंबवतं. शेवटी पुढच्या लागवडीला कडेच्या दोन बेडांवर निम्मंच शेणखत घालायचं ठरलं. बाकी नत्र फळधारणेच्या वेळी, पेंडीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून. मुलानं मातीची ओल दाखवणाऱ्या टेन्शिओमीटरचा काटा वाचायला शिकून घेतला. १० सेंटिबारच्या खाली असला, म्हणजे माती ओलीच असली, तर मोटर सुरू करायची नाही, असं त्यानं स्टार्टरच्या पेटीवर खडूनं लिहूनही टाकलं.