तुम्ही विचारलंत म्हणून: कोविडमध्ये मन कसं घट्ट ठेवलंत?

मी महापालिकेच्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे हे कळलं की लग्नाकार्यात कुणीतरी हमखास हा प्रश्न विचारतं. मी ‘चालायचंच’ म्हणून विषय बदलते. परवा भांडुपला आमच्या शेजारच्या मुलीनं विचारलं. ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. तिला ‘चालायचंच’ म्हणवेना.

मन घट्ट नव्हतंच. २०२० च्या एप्रिलमध्ये सगळी भीती घरी रोग नेण्याची होती. लोकल बंद, बेस्टच्या बसनं ये-जा. मुलगा दाराआडून विचारायचा, ‘आई, आंघोळ झाली का?’ ३ मे रोजी हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुलं पडली, आणि त्याच आठवड्यात आमच्या इमारतीत मला लिफ्ट वापरू नका म्हणून सांगितलं गेलं.

पण ते विसरता येतं. लागलं ते वेगळंच. पीपीई किट नीट चढवायला दहा-पंधरा मिनिटं जातात. काचेपलीकडे मॉनिटर ओरडतोय, पेशंटच्या रक्तातला ऑक्सिजन खाली येतोय, आणि आपण इकडे ग्लोव्हजवर ग्लोव्हज चढवतोय. वीस वर्षं अंगात भिनलेलं की अलार्म वाजला की पळायचं. आता न पळता उभं राहायचं. घाम, तहान, गॉगलवरची वाफ हे शरीर सोसतं. ते उभं राहणं मला सोसलं नाही.

दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, मुंबईत एका दिवसात अकरा हजारांवर नवे रुग्ण सापडत होते. तेव्हा एक आजोबा बायपॅपवर होते, म्हणजे तोंडा-नाकावर घट्ट मास्क बसवून श्वासाला मदत करणाऱ्या यंत्रावर. वॉर्डच्या फोनवरून आजींशी बोलणं करून दिलं की आजी आधी विचारायच्या, ‘चष्मा लावलाय ना त्यांनी? दिसलं नाही की घाबरतात हो ते.’ त्या मास्कवर चष्मा बसत नाही. मी रोज सांगायचे, ‘हो आजी, लावलाय.’ पाचव्या दिवशी आजोबा गेले. नातेवाइकांना द्यायच्या पिशवीत चष्मा मीच ठेवला.

लाट ओसरली, आम्ही पुन्हा नेहमीच्या वॉर्डात आलो, आणि मग मी आजारी पडले. झोप उडाली. कुकरच्या शिट्टीनं दचकायचे. दादरला वाचायचा चष्मा करायला गेले, तर काउंटरवर फ्रेम मांडल्या आणि मला श्वास घेता येईना. मानसोपचाराच्या ओपीडीत गेले, पण आपल्या नव्हे, दुसऱ्या रुग्णालयात. आपल्याकडे केसपेपर काढला तर रांगेतच चार ओळखीचे भेटले असते. दुसऱ्यांना बिनदिक्कत ‘डॉक्टरांना दाखवा’ म्हणणाऱ्या आम्ही, स्वतःच्या बाबतीत असं लपतो, याचं मला अजून वाईट वाटतं. औषधं वर्षभर घेतली. आता १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फोन आहे, मोफत, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. तेव्हा असता तर मी रात्री तीनला नक्की लावला असता.

त्या दोन वर्षांत कोसळले नाही, त्याचं श्रेय मात्र आमच्या इन्चार्ज सिस्टरांचं. त्यांचा एक नियम होता. ज्या सिस्टरनं पेशंटचं शेवटपर्यंत केलं, तिनं बॉडी पॅक करायची नाही. ते दुसरीनं करायचं. पहिलीनं किट उतरवून बाहेर यायचं, मावशी चहा द्यायच्या, आणि इन्चार्ज समोर बसून विचारायच्या, ‘काय नाव होतं गं त्यांचं?’ नाव सांगायचं, आठवेल ते सांगायचं. दहा मिनिटं. मग पुढचं काम. माणसं कमी असताना हे जमवायला त्या स्वतः आत जायच्या, पन्नाशी उलटलेल्या असूनही. आजोबा गेले त्या रात्री मात्र दुसरी कुणी नव्हती. इन्चार्ज स्वतः पॉझिटिव्ह येऊन घरी होत्या.

त्या आता निवृत्त झाल्या. नियम कुठेच लिहिलेला नाही, नव्या मुलींना माहीत असण्याचं कारणच नाही. गेल्या आठवड्यात नाइटला आमच्याकडे एक पेशंट गेला. नवी सिस्टर पॅकिंगचं सामान आणायला निघाली होती. मी तिला बसवलं, मावशींना चहा टाकायला सांगितला आणि आत गेले.