तुम्ही विचारलंत म्हणून: मेळघाट काय वाईट होता?

मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत काकू विचारतात, फोनवर पुण्याची मावशी विचारते: "आदिवासींसाठीच काम करायचं तर मेळघाट काय वाईट होता? त्यासाठी सस्कॅचेवान कशाला?"

कॅनडातल्या या सस्कॅचेवान प्रांतात नवऱ्याच्या नोकरीमुळे आले. बीएसडब्ल्यूला (समाजकार्याच्या पदवीला) इंडिजिनस, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांसाठीचं, सोशल वर्क घेतलं कारण त्यात नोकऱ्या होत्या. सिव्हिल इंजिनिअरला कुणी विचारत नाही, पुलांची एवढी ओढ कशी म्हणून.

वर्षभर मी हेच उत्तर ठणकावून दिलं. मग प्रॅक्टिकम, म्हणजे अभ्यासक्रमातलं प्रत्यक्ष काम, लागलं.

सुपरवायझर स्वतः क्री (इथला एक मूळ रहिवासी समाज). आम्ही एका आजींकडे गेलो ते फक्त किराण्याचं व्हाउचर द्यायला. आमच्या गळ्यातली ओळखपत्रं बघून आजी न बोलता आत गेल्या आणि नातवाचा कोट घेऊन आल्या. मार्करनं कॉलरच्या पट्टीवर नाव लिहायला लागल्या. आडनाव मावेना, म्हणून ते बाहीच्या आत. "मुलाला न्यायला नाही आलो," आम्ही पुन्हा पुन्हा सांगत होतो. त्या मान डोलवत होत्या आणि लिहीत होत्या. पोरगं टीव्हीसमोर कुरकुरत होतं, कोट नको, उकडतंय. शेवटी म्हणाल्या, "माझ्या भावाला नेलं तेव्हा कुणी नाव लिहून दिलं नव्हतं."

साठच्या दशकाच्या आसपासच्या 'सिक्स्टीज स्कूप'मध्ये इंडिजिनस मुलं उचलून गोऱ्या घरांत दत्तक दिली गेली, कित्येकांची नावंही बदलली. ती न्यायला येणारे सोशल वर्करच होते. आणि ते सगळं सरलंय म्हणावं, तर कॅनडाच्या २०२१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांखालच्या मुलांत इंडिजिनस मुलं ७.७ टक्के, फोस्टर केअरमधल्या, म्हणजे आईवडिलांपासून घेऊन दुसऱ्या घरी सांभाळायला ठेवलेल्या, मुलांत मात्र ५३.८.

"मी कुठे इथली? माझा काय संबंध?" असं पूर्वी मीच म्हणायचे. आजींना माझा रंग दिसला असेलच. आधी दिसलं ते ओळखपत्र.

आता तुमचा मेळघाट. तिथे मी परकी आहे हे माझ्या डोक्यातही आलं नसतं. मराठी बोलत कोरकूंच्या घरात शिरले असते, कुणी टोकलं नसतं. इथे निदान रोज विचारतात, तू कोण, कशाला आलीस. हे उत्तर झालं की पळवाट, ते तुम्हीच ठरवा. माझं आठवड्याआड बदलतं.

२०२० पासून लागू झालेल्या कायद्यामुळे फर्स्ट नेशन्सना (क्रींसारख्या मूळ समाजांना) आपल्या मुलांची व्यवस्था स्वतः बघता येते. अशाच एका ठिकाणी मी पुढच्या प्रॅक्टिकमसाठी अर्ज केलाय. घेतलं तर जाईन. नाही घेतलं तर रागावायचा हक्क मला आहे का, यावर घरात अजून वाद चालू आहे.