एमजीबीचे दोन कार्बोरेटर
आज दुपारभर गॅरेजमध्ये रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्बोरेटरच्या (इंजिनासाठी हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) तोंडाशी धरून बसलो होतो. आमची १९६९ ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, इथल्याच ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनला बनलेली. तो कारखाना १९८० साली बंद झाला.

१७९८ सीसीच्या इंजिनाला दोन एसयू बनावटीचे कार्बोरेटर, आणि दोघांनी सारखीच हवा ओढायला हवी. नळीतून येणारा 'सूंऽऽ' दोन्हीकडे एकसारखा आला की हवा जुळली. मग पेट्रोल. खालचा षटकोनी नट एकेक पैलू फिरवायचा आणि कार्बोरेटरमधला पिस्टन किंचित उचलून बघायचा, मिलिमीटरभरसुद्धा नाही. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त. बंद पडायला लागलं तर कमी. क्षणभर वाढून पुन्हा मूळपदावर आला की बरोबर. संध्याकाळी सूर लागला तेव्हा बायकोला अंगणातून हाक मारून बोलावलं, "ऐक गं!"

रंग आणि क्रोमचं कौतुक सगळे करतात, मला मात्र दारांखालच्या सिलची (पत्र्याच्या लांब पोकळ पट्टीची) काळजी जास्त. या गाडीला वेगळी चासी नाही, भार बॉडीच पेलते. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ तिथेच आतून पत्रा खातं. म्हणून थंडीआधी आत मेण फवारायचंच.

पुढच्या रविवारी किंगपिनला, म्हणजे पुढची चाकं ज्यावर वळतात त्या खिळीला, ग्रीस. मुंबई-पुण्यात कुणी जुनी एमजी सांभाळत असेल तर जरूर लिहा, पावसाळ्यात गंजाचं काय करता ते ऐकायचंय.