परीक्षकांसमोर उघडलेली डिक्शनरी

तालुक्याच्या गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवते. वर्गातली बहुतेक मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आलेली असतात. अकरावीच्या सुरुवातीलाच मी त्यांना सांगते की गाईड नंतर घ्या, आधी एक चांगली इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी मिळवा आणि ती वाचायची कशी ते शिकून घ्या. याचं काय चीज होतं, ते मी शेजारच्या तालुक्यातल्या एका इंग्रजी वक्तृत्व स्पर्धेत पाहिलं.

आमच्याकडून अकरावी कॉमर्सची एक मुलगी उतरली होती. विषय गावच्या विकासाचा होता. भाषण तिनं स्वतः लिहिलं होतं, तेही डिक्शनरी शेजारी घेऊन. पहिल्या कच्च्या मसुद्यात 'डिस्कस अबाउट' होतं. मराठीत आपण एखाद्या गोष्टीबद्दल किंवा गोष्टीवर चर्चा करतो, म्हणून इंग्रजीतही 'अबाउट' हमखास येतो. तिनं 'डिस्कस'खालची उदाहरणं वाचली, प्रत्येक वाक्यात क्रियापदाला लागूनच कर्म येतंय हे तिचं तिला दिसलं आणि 'अबाउट' तिनंच खोडला. 'फर्निचर'पुढचं 'यू' हे अक्षर बघून 'फर्निचर्स'मधला शेवटचा एसही काढला. 'यू' म्हणजे अनकाउंटेबल, ज्याचं अनेकवचन होत नाही ते नाम. हे मी तिच्या वहीत लाल पेनानं दुरुस्त केलं असतं तर ती आठवड्यात विसरली असती.

भाषण छान झालं. निकालात तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. मग परीक्षकांनी माइक हातात घेतला. ते निवृत्त शिक्षक, अभ्यासू आणि त्या भागात मान असलेले. प्रत्येक स्पर्धकाबद्दल दोन शब्द बोलताना आमच्या मुलीविषयी म्हणाले, "मांडणी उत्तम, पण उच्चारांकडे लक्ष हवं. 'ऑफन'मधला टी उच्चारायचा नसतो, तू 'ऑफ्टन' म्हणालीस. आणि 'डेव्हलपमेंट' नव्हे, 'डिव्हेलपमेंट'. या दोन्हींचे गुण मी कापले आहेत."

भरल्या सभागृहात हे ऐकून तिचा चेहरा उतरला. जागेवर येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, 'ऑफन'चे दोन उच्चार आहेत ना? आपण बघितले होते." सकाळच्या सरावासाठी आणलेली डिक्शनरी माझ्या पिशवीतच होती. मी ती तिच्या हातात दिली. मी काही सांगण्याआधीच तिनं पान काढलं होतं.

शब्दाच्या पुढे तिरप्या रेघांच्या मध्ये उच्चार दिलेला असतो. तिथे आधी बिनटीचा उच्चार होता, त्याच्या पुढे स्वल्पविराम आणि मग टीसकट दुसरा. दोन्ही रीतसर छापलेले. तिचं बोट त्या ओळीवर थांबलं. पण मग तिनं आपणहून 'डी'ची पानं उलटली आणि 'डेव्हलपमेंट' काढलं. तिथे एकच उच्चार होता. आघाताची छोटी उभी रेघ दुसऱ्या अक्षरगटाच्या आधी, म्हणजे जोर 'व्हे'वर. "हे सरांचं बरोबर आहे," ती म्हणाली. मला त्या दिवसातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. आपल्या बाजूचं पान सापडल्यावर विरुद्ध बाजूचं पान शोधायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही दोघी परीक्षकांकडे गेलो. बोलली तीच. "सर, 'डेव्हलपमेंट'चं मला पटलं. पण 'ऑफन'चे इथे दोन उच्चार दिलेत, तुम्ही जरा बघाल का?" त्यांनी चष्मा चढवला, ती ओळ वाचली आणि विचारलं, "आवृत्ती कुठली?" प्रश्न अगदी नेमका होता. शब्दकोश कुणी कायद्यासारखा लागू करत नाही. त्या त्या काळात लोक कसं बोलतात याची ती नोंद असते, म्हणून ती नोंद कधीची आहे हे आधी बघावं लागतं. तिनं पुस्तक सुरुवातीच्या पानावर उघडून त्यांच्यापुढे धरलं.

सरांचं म्हणणं हवेतलं नव्हतं. या शब्दातला टी पूर्वी उच्चारला जायचा, पुढे बोलण्यात तो गळाला, 'सॉफन' आणि 'लिसन'मध्ये गळाला तसाच. शिक्षण पसरलं, स्पेलिंग डोळ्यांसमोर आलं, तेव्हा काही लोक तो पुन्हा म्हणू लागले. हेन्री फाउलर यांनी १९२६ साली इंग्रजीच्या वापरावर जो ग्रंथ लिहिला, त्यात हा टी उच्चारणाऱ्यांवर चांगलेच ताशेरे ओढले होते. सरांच्या पिढीला शिकवणारे त्याच परंपरेतले. पण लोक म्हणत राहिले आणि कोशकारांनी तो उच्चार नोंदवला. हे मी सरांना सांगितलं, तेव्हा ते मोकळेपणानं म्हणाले, "म्हणजे 'ऑफन'चे गुण मी कापायला नको होते." निकाल जाहीर झालेला असल्यानं क्रमांक बदलला नाही. पण चहाच्या टेबलाशी बाकीचे स्पर्धक उभे होते, त्यांना त्यांनी बोलावून घेतलं आणि हे सगळं पुन्हा सांगितलं. एका ज्येष्ठ शिक्षकानं मुलांसमोर असं करणं ही लहान गोष्ट नाही. मला त्यांच्याविषयी फार आदर वाटला.

परतीच्या एसटीत माझ्याबरोबर आमच्या चार मुली होत्या आणि डिक्शनरी एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर जात होती. 'डिटरमाइन' नसून 'डिटर्मिन' आहे हे सापडलं. 'शेड्यूल' ब्रिटिश आणि 'स्केज्यूल' अमेरिकन, हेही. 'रेकॉर्ड' नाम असताना जोर पहिल्या भागावर आणि क्रियापद झालं की दुसऱ्यावर, हे वाचल्यावर त्यांनी तसलेच शब्द हुडकायला सुरुवात केली. 'प्रेझेंट' सापडला, 'एक्स्पोर्ट' सापडला. एकीनं विचारलं, "मॅडम, इंग्रजीत लिहिलंय तसं वाचत का नाहीत?" मी तिला आपला 'जग' शब्द घ्यायला सांगितला. जग म्हणजे दुनिया, आणि जगण्यातला 'जग'. दोन्हींचा ज वेगळा, लिहिताना मात्र एकच. 'चमचा' आणि 'चहा' यांतला च बोलून बघा म्हटलं. आपण जन्मापासून ऐकतो म्हणून आपल्याला खुणेची गरज पडत नाही. परक्या माणसाला पडते, आणि इंग्रजीच्या बाबतीत ते परके आपण आहोत.

आमच्या हातातला हा कोश, म्हणजे 'ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी', मुळात परक्यांसाठीच घडला. ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक १९२४ मध्ये जपानला शिकवायला गेले. तिथल्या विद्यार्थ्यांना शब्दाचा अर्थ कळूनही वाक्य करता येत नाही, हे त्यांनी पाहिलं आणि दोन सहकाऱ्यांना घेऊन कोश रचला. तो १९४२ मध्ये तोक्योत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं प्रसिद्ध केला. कुठल्या क्रियापदापुढे काय येतं, कुठलं नाम मोजता येतं, याच्या खुणा त्यात आल्या त्या वर्गातल्या अडचणींमुळे. व्याख्याही सोप्या, मोजक्या शब्दांत ठेवल्या जातात, म्हणजे एक शब्द बघायला गेलं की आणखी पाच अडत नाहीत. म्हणून फक्त मराठी अर्थ देणाऱ्या छोट्या कोशावर मुलांनी थांबू नये असं मला कळकळीनं वाटतं. 'एक्स्प्लेन' म्हणजे समजावणे, एवढं त्यात मिळेल. पण 'एक्स्प्लेन मी' चालत नाही, मध्ये 'टू' लागतो, हे उदाहरणाच्या वाक्यांतूनच कळतं. मोबाइलवरची ऑनलाइन डिक्शनरीही उत्तम. स्पीकरच्या दोन चित्रांवर दाबलं की ब्रिटिश आणि अमेरिकन आवाज ऐकू येतात. अट एवढीच, की पहिल्या अर्थावर थांबायचं नाही.

पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेच्या नियमपत्रकात एक नवीन कलम आलं. उच्चाराबद्दल मतभेद झाल्यास विद्यार्थ्यांसाठीच्या कोशाची चालू आवृत्ती बघावी, त्यातला ब्रिटिश किंवा अमेरिकन कुठलाही उच्चार ग्राह्य धरावा. ते वाचून आमच्या त्याच मुलीनं, आता बारावीत गेलेल्या, विचारलं की एकाच भाषणात दोन्हींची सरमिसळ झाली तर? मी आयोजकांना फोन करून हा प्रश्न घातला. त्यांना वाटतं, एकच पद्धत धरून बोलावं. माझं मत असं की अकरावी-बारावीच्या मुलांना यात मोकळीक द्यावी, उच्चार कोशात आहे ना, एवढंच बघावं. आमचं अजून एकमत झालेलं नाही.