फाइलींचा सातबारा

व्हिडिओच्या फाइलवर डबल क्लिक केलं की चित्र हलू लागतं. मधल्या क्षणात विंडोज आपलं दप्तर चाळून आलेलं असतं. फाइलचं आडनाव काय? टिंबानंतर एमपीफोर. एमपीफोर कोणाच्या नावावर? ज्या प्लेअरचं नाव निघेल त्याला हाक जाते. रजिस्ट्री नावाचं हे दप्तर म्हणजे घरच्या कॉम्प्युटरचा सातबारा. प्लेअर टाकताना आणि काढताना जी भांडणं होतात, त्यातली निम्मी या उताऱ्यावरून होतात. नुसतं सॉफ्टवेअर उतरवून घेणं हे चहाला उकळी येईपर्यंतचं काम.

व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरचंच उदाहरण घेऊ. पॅरिसच्या एकोल सेंत्रालमधल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प २००१ पासून सगळ्यांना खुला आणि फुकट आहे. त्याच्या चिन्हातला नारिंगी-पांढरा शंकू म्हणजे तिथल्या पोरांनी रस्त्यावरून गोळा करून आणलेल्या शंकूंची आठवण. विंडोजसाठीची फाइल साधारण ४०-४५ एमबीची, आणि ती व्हिडिओलॅन या मूळ संस्थेच्या साइटवरूनच घ्यायची. सर्चमध्ये वर येणाऱ्या भलत्याच पानावर ‘डाउनलोड’ लिहिलेलं सगळ्यात मोठं हिरवं बटण असतं, ते बहुतेकदा जाहिरातीचं. २०२२ मध्ये फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत मूळ साइट भारतात बंद होती. अशा वेळी फाइल दुसरीकडून आणावीच लागली तर टाकण्याआधी तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडाव्यात आणि ‘डिजिटल सिग्नेचर्स’मध्ये सही व्हिडिओलॅनची आहे ना ते पाहावं. सहीचा टॅबच दिसत नसेल तर फाइल डिलीट करावी. फुकटच्या मालाला तेवढी शंका शोभते.

इन्स्टॉलरच्या खिडकीत आपण नेक्स्ट, नेक्स्ट करत धावतो. थांबायचं एकाच ठिकाणी, घटकांची यादी येते तिथे. ‘फाइल टाइप असोसिएशन्स’ म्हणजे कोणकोणत्या आडनावांवर हक्क सांगायचा ते. वेब ब्राउझरचे प्लगइन, म्हणजे ब्राउझरला लावायचे जोड, असतील तर खुशाल काढा, आजच्या ब्राउझरना त्यांचा उपयोग नाही. त्याच यादीत ‘जुनी सेटिंगं आणि कॅश, म्हणजे साठवलेली तात्पुरती माहिती, पुसा’ अशा अर्थाची एक चौकट असते आणि ती मुळात रिकामी असते. तिच्याकडे पुढे यायचंच आहे.

जुन्या विंडोज एक्सपीच्या काळात प्रत्येक प्लेअर आल्या आल्या सगळ्या आडनावांवर आपलं नाव चढवी. कोणाला विचारणं नाही, नोटीस नाही. व्हीएलसी त्यातल्या त्यात सज्जन. आधीच्या मालकाचं नाव तो बाजूला लिहून ठेवी आणि काढताना परत लावी. गोची व्हायची ती क्रम चुकल्यावर. आधी ‘अ’ टाकला, त्यावर ‘ब’. मग ‘अ’ काढला आणि शेवटी ‘ब’. जाताना ‘ब’ इमानदारीने मिळकत ‘अ’ला परत करतो, आणि ‘अ’ तर केव्हाच गेलेला! फाइलीवर कोरं पांढरं चिन्ह येतं, क्लिक केलं की विंडोज विचारतं, कशाने उघडू? म्हणून दोन-तीन प्लेअर काढायचे असतील तर शेवटी आलेला आधी काढावा.

विंडोज ८ पासून हा फेरफार प्लेअरच्या हातून गेला. वापरणाऱ्याने निवड केली की विंडोज त्या नोंदीशेजारी एक हॅश, म्हणजे मोहोर, उमटवतं. दुसऱ्याने परस्पर खाडाखोड केली तर मोहोर जुळत नाही आणि नोंद रद्द होते. त्यामुळे आता प्लेअर टाकल्यावरही व्हिडिओ जुन्याच ॲपमध्ये उघडतात आणि लोकांना वाटतं इन्स्टॉल फसलं. फसलेलं काही नसतं. फाइलवर राइट क्लिक, ‘ओपन विथ’, ‘चूज अनदर ॲप’, व्हीएलसी, आणि ‘ऑलवेज’. नुसतं ‘ओपन विथ’ने वर्षभर रोज उघडलं तरी मालकी लागत नाही. कसेल त्याची जमीन हा कायदा इथे चालत नाही. शिवाय नोंद एकेका आडनावाची होते, एमपीफोरची केली म्हणून एमकेव्हीची झाली असं नाही.

गाव नमुना सात मालकीचा आणि बारा पिकाचा. विंडोज दाखवतं फक्त सात. आत काय पिकलंय ते आडनावावरून कळत नाही. एमकेव्ही, एव्हीआय, एमपीफोर ही नुसती शेतं. पीक म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत: एकाच नावाच्या शेतात कधी एच-२६४ असतं, कधी एचईव्हीसी. ते उलगडणारा कोडेक नसेल तर आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. आयफोन ७ आणि त्यापुढचे फोन २०१७ पासून सहसा एचईव्हीसीतच चित्रण करतात. म्हणून भाच्याने पाठवलेली बारशाची क्लिप त्याच्या फोनवर छान दिसते आणि आपल्या विंडोजवर स्टोअरमधून एक्स्टेन्शन घ्या असा निरोप येतो. व्हीएलसी आपले कोडेक सोबत घेऊन येतो, त्याला क्लिप लागते. पण फोल्डरमधली छोटी चित्रं विंडोज स्वतःच्या कोडेकने काढतं, ती मात्र दिसत नाहीत. क्लिप चालते आणि चित्र नाही, याचं आश्चर्य वाटून घेऊ नये.

कोडेक पॅक, म्हणजे अनेक कोडेकचं एकत्र गाठोडं, ही यातली सगळ्यात मोठी डोकेदुखी, आणि आज तिची गरज जवळजवळ कोणालाच नाही. जुन्या पद्धतीत प्रत्येक कोडेकला ‘मेरिट’ नावाचा एक आकडा असतो आणि ज्याचा आकडा मोठा त्याला काम मिळतं. दोन पॅक एकावर एक टाकले की अनेक उमेदवार तयार होतात आणि भलताच निवडून येतो. चित्र हिरवं पडतं, कधी उलटं दिसतं. व्हिडिओंचा फोल्डर नुसता उघडला तरी ‘कॉम सरोगेट’ हा विंडोजचा मागे चालणारा प्रोग्राम बंद पडल्याची सूचना येते, कारण छोटं चित्र काढतानाच तो कोडेक कोसळलेला असतो. उपाय असा: फोल्डर ऑप्शन्समध्ये छोटी चित्रं बंद करून ‘फक्त चिन्हं दाखवा’ हा पर्याय निवडायचा, मग शांतपणे पॅक काढायचा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचा आणि चित्रं पुन्हा चालू करायची.

उलटही होतं, कोडेक काढल्यानेही काम अडतं. २०१६ मध्ये ॲपलने विंडोजवरच्या क्विकटाइम या आपल्या प्लेअरची देखभाल थांबवली आणि सुरक्षेतल्या दोन उघड्या भोकांमुळे अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने तो काढून टाकायला सांगितलं. घरच्या लोकांनी काढला. व्हिडिओ संकलन करणारे अडले, कारण त्यांची सॉफ्टवेअर काही फाइली वाचण्यासाठी क्विकटाइमच्याच कोडेकवर टेकलेली होती.

आता काढण्याचं. सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स, नावापुढची तीन टिंबं, अनइन्स्टॉल. फाइल वापरात आहे अशी तक्रार आली तर टास्क मॅनेजरमध्ये प्लेअर मागे चालू राहिलाय का ते बघावं. यादीत ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस’ अशा नावांची रांग दिसेल, तिला हात लावू नये. दुसरी सॉफ्टवेअर तिच्यावर उभी असतात. प्रोग्रामचा फोल्डर नुसता डिलीट करणं म्हणजे घर पाडून दप्तरात नाव तसंच ठेवणं.

आणि आता ती रिकामी चौकट. व्हीएलसी नीट चालेनासा झाला की लोक तो काढतात, पुन्हा टाकतात, आणि तोच दोष जसाच्या तसा परत भेटतो. कारण सेटिंगं प्रोग्रामसोबत राहत नाहीत. ती वापरणाऱ्याच्या नावाच्या फोल्डरात वेगळी असतात आणि नव्याने आलेला प्लेअर तीच वाचतो. ‘रन’च्या चौकटीत ॲपडेटा हा शब्द इंग्रजीत, दोन्ही बाजूंना टक्क्याची खूण लावून लिहावा. उघडलेल्या जागेतला व्हीएलसी हा फोल्डर डिलीट केला की प्लेअर खरा गेला. शेवटी काय काय पाहिलं त्याची यादीही त्याच फोल्डरात असते. जुना कॉम्प्युटर कोणाला देऊन टाकण्यापूर्वी हे माहीत असलेलं बरं. प्लेअर ठेवायचाच असेल तर प्रेफरन्सेसमधलं रीसेटचं बटण पुरतं. मात्र त्यानंतर मराठी सबटायटल्ससाठी एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ आणि फॉन्ट निर्मला किंवा मंगल, हे पुन्हा निवडावं लागतं.

विंडोजसोबत आलेला मीडिया प्लेअर काढायचा हट्ट कशाला, हे मला कळत नाही. विंडोज १० मध्ये ‘विंडोज फीचर्स’च्या यादीत ‘मीडिया फीचर्स’खालची खूण काढली तरी तो फक्त नजरेआड होतो. युरोपियन आयोगाने २००४ मध्ये याच प्लेअरवरून मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड केला आणि त्याच्याविना विंडोजही विकायला लावलं. तीच ‘एन’ आवृत्ती. ती घेतलेल्या माणसाला काही गेम अडले की मीडिया फीचर पॅक शोधावा लागतो, म्हणजे प्लेअर फिरून घरात.

एका आडनावाला मात्र या दप्तरात मालकच नसतो. कपाटातल्या मराठी नाटकांच्या व्हीसीडी काढून पाहा. आत एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर, त्यात टिंब डॅट. खरं तर तो साधा एमपीईजी-१ व्हिडिओ, ३५२ बाय २८८ ठिपक्यांचा. विंडोज विचारतं, कशाने उघडू? इथे ‘ऑलवेज’ दाबू नये, डॅट हे आडनाव पन्नास वेगळ्या सॉफ्टवेअरच्या फाइलींनाही असतं. व्हीसीडीवरच्या व्हिडिओला साध्या सीडीवरच्या फाइलींइतकी चूक-दुरुस्तीची सोय दिलेली नसते, त्यामुळे थोडा ओरखडाही कॉपी अडवतो. डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे पुसावी, गोल गोल नव्हे. मग प्लेअर आधी उघडावा आणि ती फाइल ओढून त्याच्या खिडकीत सोडावी. दप्तर मध्ये येत नाही, नाटक सुरू होतं. दुसऱ्या अंकाला दुसरी डिस्क घालायला उठावं लागतं, तेवढंच.